डाव्या मडगार्डातला हात

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण प्रसेनजीत माझा सख्खा आतेभाऊ आहे, आणि त्याचा उजवा हात मी रोज बघतो.

कोल्हापूर, शाहूपुरी. २००७ चा उन्हाळा.

अमावस्या नव्हती. रात्रही नव्हती. भर दुपार होती.

प्रसेनजीत गाड्यांचं वायरिंग करायचा. त्या वर्षी लोकांना एलईडीचं वेड लागलं होतं. मडगार्डाचा पत्रा कापून लाइट असा आत बसवायचा, की वरून हात फिरवला तर कडसुद्धा लागू नये. त्यात प्रसेनजीतचा हात धरणारा कुणी नव्हता.

मुरगूडचे विजयसिंह जुनी जीप घेऊन आले. नुकतीच आजऱ्यातून विकत घेतलेली.

"मिस्त्री, दोन्ही मडगार्डात लाइट पायजेत. गाव बघत ऱ्हायलं पायजे!"

"बसा पावणं. दिवस मावळायच्या आत देतो की."

त्यानं बॅटरी काढून बाजूला ठेवली. उजवी बाजू झकास झाली.

मग डावी. जीप जॅकवर उचलली, चाक काढलं, पत्र्याला ड्रिल लावलं...

आतून कुणीतरी कण्हलं.

पत्रा कुरकुरला असेल. त्यानं आणखी जोर दिला. गोल तुकडा खाली पडला आणि भोकाच्या कडेनं लाल पाणी ओघळलं.

गंजाचं असेल.

फडक्यानं पुसलं. परत ओघळलं. बोटांना चिकट लागलं... आणि कोमट.

आत काय साचलंय बघायला त्यानं चाकाच्या जागेतून, खालून हात घातला. कोपरापर्यंत.

आणि कुणीतरी त्याचं मनगट धरलं.

बोटं होती. ओली. माणसाची.

रूपाली, त्याची बायको, तेवढ्यात डबा घेऊन आली होती. त्याची किंकाळी ऐकून डबा तिच्या हातून पडला.

"अहो, काय झालं?"

"धरलंय मला! वढ! रूपा, वढ!"

तिनं त्याच्या कमरेला मिठी मारली आणि मागे ओढलं. आतल्यानं वर ओढलं. हात खांद्यापर्यंत आत गेला. पत्र्याच्या धारेनं दंड सोलून निघाला. मनगटात काहीतरी कट्‌कन मोडलं.

वर जीप हलायला लागली. जॅक करकरला.

आणि उजवा लाइट पेटला... बॅटरी तर बाजूला पडली होती.

विजयसिंह पहार घेऊन धावले. जीपच्या पुढे उभे राहून त्यांनी मडगार्डावर घाव घातला.

आतून कुणीतरी ओरडलं.

दुसरा घाव. परत ओरडलं. पुरुषाचा आवाज.

विजयसिंहांचे हात थांबले.

"थांबू नका पावणं!" रूपाली किंचाळली. "हाणा!"

त्यांनी डोळे मिटून हाणलं. हाणतच राहिले. बोल्ट तुटले, पत्रा फाटला, मडगार्ड लोंबकळलं. प्रसेनजीतचा हात सुटला आणि नवरा-बायको मागे कोसळले.

त्याच क्षणी जॅक निसटला. जीप धाडकन खाली आली.

मडगार्डात काहीच नव्हतं.

कोरडा पत्रा. रक्त होतं ते फक्त प्रसेनजीतचं.

मनगटाचं हाड चुरलं होतं आणि त्यावर बोटांचे काळे वळ होते. 

विजयसिंहांनी आजऱ्यात जाऊन जुन्या मालकाची गचांडी धरली. "कुणाला मारलंस या गाडीनं? खरं सांग!"

तो रडायला लागला. "पोराची शपथ, कुत्रं बी न्हाय वो मेलं हिच्याखाली."

जीप भंगारात गेली. प्रसेनजीतची मूठ अजून मिटत नाही.

आम्हाला वाटलं, एवढंच.

परवा जेवताना विषय निघाला. रूपाली म्हणाली, "पावण्यांनी मला मागनं घट्ट धरलंतं म्हणून. न्हायतर मी बी आत गेलते."

प्रसेनजीतनं घास खाली ठेवला.

"पावणं म्होरं हुते, रूपा. पहार कोण हाणत हुतं?"

तिनं मागे वळून पाहिलं. 

मग हळूच म्हणाली...

"तरीच. मागनं ते वढत नव्हतंच. ढकलत हुतं."