आठव्या नदीचं नाव

“दीदी, सबसे आखिर में लेना. लेकिन लेना. छोडना मत.”

हा आवाज मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो.

पुढे लिहितेय ते माझ्याच घरात घडलं. दुबईच्या पलीकडचं फुजैरा, समुद्राकडच्या रस्त्यावरची चार मजली इमारत, तिसरा मजला. सन १९९८. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे. मी रोज देवापुढे बसणारी बाई आहे. खोटं लिहून मला कुणाकडून काही मिळवायचं नाही.

एक आधीच सांगते. यातलं काहीही रात्री घडलेलं नाही. सगळं लख्ख उजेडात...

माझं नाव हेमा. यजमान, उपेंद्र, बंदरावरच्या तेलाच्या टर्मिनलमध्ये. मुलगी केया तेव्हा सात वर्षांची. माझा एक नेम आहे, लग्नाच्या आधीपासूनचा. सकाळी तांब्याचा कलश भरायचा. सात नद्यांची नावं घेऊन त्यांना त्या पाण्यात बोलवायचं. आणि संध्याकाळी तेच पाणी तुळशीला घालून त्यांना निरोप द्यायचा, ‘या पुन्हा’ म्हणायचं. बोलावलं तर निरोप द्यायलाच हवा. पाहुण्याला आपण तसंच बसवून ठेवून झोपायला जात नाही.

सिल्मे मराक खालच्या मजल्यावर राहायची. एका क्लिनिकमध्ये नर्स होती. मेघालयातली, गारो टेकड्यांमधली. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चला जायची आणि बाकीच्या दिवशी ड्यूटी नसली की माझ्या पूजेच्या वेळी येऊन चटईवर बसायची. प्रसादाच्या शिऱ्यासाठी येते, असं ती स्वतःच सांगायची.

एकदा तिने विचारलं, “दीदी, ये किसको बुलाता है तुम?”

मी सात नद्यांची नावं सांगितली. तिने बोटांवर मोजली आणि तोंड फुगवलं.

“मेरा सिमसांग किधर है?”

मी हसले. म्हटलं, ती यादीत नाही गं.

“यादी किसने बनाया? उसने मेरा नदी देखा है?”

मग स्वतःच म्हणाली, “सबसे आखिर में लेना. लेकिन लेना. छोडना मत.” दुसऱ्या दिवसापासून मी आठवं नाव घ्यायला लागले. सिमसांग. सगळ्यांत शेवटी. पण रोज.

तिच्या नदीबद्दल ती बोलायला लागली की माझी भाजी करपायची. हिवाळ्यात पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे दिसतात. दोन्ही बाजूंनी डोंगर अगदी काठापर्यंत उतरलेले. बाया खडकावर कपडे आपटतात आणि तिथेच पसरून वाळवतात, लांबून बघावं तर डोंगराला रंगीत ठिगळं लावल्यासारखी दिसतात. आमची गाणी तिच्यावर, आमच्या गोष्टी तिच्या, म्हणायची. त्यांच्यात घर बहुतेक धाकट्या मुलीकडे जातं. सिल्मे धाकटी. म्हणजे घर तिचं, आणि आई ते सांभाळत बसलेली.

त्या आईने विणलेलं एक दाकमांदा तिच्याकडे होतं. कमरेला गुंडाळायचं त्यांचं वस्त्र, काळं, लाल नक्षीच्या किनारीचं. ते तिने माझ्या ट्रंकेत ठेवायला दिलं. रूममेट चुकून मशीनमध्ये टाकतील म्हणून.

“इधर का पानी में नहीं धोना, दीदी. हमारे घर में पहला धुलाई सिमसांग में होता है. तुम भी चलेगा मेरे साथ. दोनों मिलके धोएगा.”

“येईन.”

“प्रॉमिस?”

“प्रॉमिस.”

मी सहज म्हटलं होतं. आपण म्हणतो ना, तसं.

एका शुक्रवारी आम्ही तिला वादीत नेलं. वादी म्हणजे इथली डोंगरातली कोरडी नदी. नुसते दगड. सिल्मे पोट धरून हसली. “ये नदी है? ये तो नदी का हड्डी है!”

उपेंद्र म्हणाले, “हसू नकोस. डोंगरात पाऊस पडला ना, की हीच हाडं उठून पळायला लागतात.”

हे वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही.

त्या वर्षी मार्च संपता संपता डोंगरात पाऊस झाला. क्लिनिकची व्हॅन वस्त्यांवरून परत येत होती. वादी ओलांडताना लोंढा आला. ड्रायव्हर वाचला. सोबतचा कंपाउंडर वाचला.

सिल्मे सापडली नाही.

तीन दिवस शोधलं. तिची एक चप्पलसुद्धा मिळाली नाही.

फोन दुपारी आला होता. सकाळी मी आठ नद्यांना बोलावलं होतं. त्या संध्याकाळी निरोप राहिला...

मी दहा दिवस देवापुढे बसले नाही. उपेंद्र हळूच म्हणाले, “हेमा, सुतक कसलं पाळतेस? ती आपली कोण?”

“माहीत नाही. पण पाळणार.”

अकराव्या दिवशी कलश घासायला उचलला.

जड लागला.

दहा दिवस एसीत उघडा पडलेला कलश... काठोकाठ भरलेला होता. आणि पाण्याला वास येत होता. ओल्या पाल्याचा. जंगलाचा.

मी ते पाणी तुळशीला घातलं, पण ‘या पुन्हा’ हे शब्द तोंडातून निघेनात. निरोप कुणाला देत होते मी? नदीला, की तिला?

दिला नाही. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आठही नावं घेतली.

जून उजाडला. इथे राहिलेल्यांना माहीत आहे, जूनमध्ये गच्चीवरची टाकी तापते आणि थंड पाण्याच्या नळाचेही चटके बसतात. तोच नळ, तेच पाणी. मी कलश भरायची, नावं घ्यायची, सात नावांपर्यंत तांबं हाताला गरम लागायचं.

आठवं नाव घेतलं की...

गार. बोटं बधिर होतील इतकं गार.

मी कुणाला बोलले नाही. मग दुपारचा आवाज सुरू झाला.

थप्.

थोडं थांबून... थप्.

दगडावर ओलं कापड आपटावं तसा. बाथरूममधून. दार उघडलं की बंद. आत फरशी कोरडी ठणठणीत. एकदा केया चित्र रंगवता रंगवता मान वर न करता म्हणाली, “मम्मा, टेल आंटी टू यूज द मशीन, ना. सो नॉइझी.”

“कुठली आंटी?”

“द वन हू इज वॉशिंग.” आणि पुन्हा रंगवायला लागली.

एका दुपारी भिंतीतून पाणी वाहायला लागलं. पाइप फुटल्यासारखं नाही. खळखळ, गोट्यांवरून जावं तसं. मी आमच्या इमारतीच्या राखणदाराला, अजीजला, वर बोलावलं. तो भिंतीला कान लावून उभा राहिला. गच्चीवर जाऊन आला. खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“भाभीजी, टंकी तो दो घंटे से खाली है.”

आम्ही दोघं तिथेच उभे होतो. भिंत वाहत होती.

त्या दिवशी मी ट्रंक उघडली. का उघडली, सांगता येणार नाही.

दाकमांदा जसं घडी करून ठेवलं होतं तसंच होतं. फक्त किनार... ओली होती.

बाकी ट्रंक कोरडी. वर-खाली माझ्या साड्या कोरड्या. एवढी एक किनार, घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहिल्यावर भिजते तेवढी.

दुसऱ्या दिवशी चार बोटं वर. मग वीतभर. आठवड्याने गुडघ्यापर्यंत. रेघ अगदी सरळ. एकेक पाऊल पुढे टाकत कुणीतरी पाण्यात आत चाललं होतं... माझ्या ट्रंकेत, माझ्या साड्यांच्या मधोमध.

ज्या दिवशी रेघ कमरेला पोचली, त्या दिवशी मी उपेंद्रना सगळं सांगितलं. वस्त्र समोर धरलं. ते हात लावायला पुढे झाले आणि थांबले.

त्यांनी लगेच दुबईला चंद्रहासकाकांना फोन लावला. काका तिथल्या मराठी घरांमध्ये पूजा सांगतात. त्यांनी मला फोनवर घेतलं.

“वहिनी, तुम्ही बोलावून ठेवलंय आणि निरोप दिला नाहीत. वर यादीत नसलेलं नाव घेतलंत. आता आज निरोप द्या. नुसता नदीला नाही, तिलाही. ते वस्त्र समुद्रात सोडून या. खलास.”

उपेंद्रनी चाव्या उचलल्या. “चल. मी गाडी काढतो. यल्ला.”

मी जागची हलले नाही.

आयुष्यात मी कुणाला उलट बोललेली नाही. माझा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही असं सासूबाई म्हणायच्या. पण त्या दुपारी मी वस्त्र छातीशी धरलं आणि म्हटलं, “नाही.”

“हेमा, वेडेपणा करू नकोस.”

“तिला पाण्यानेच नेलंय अहो. आणि मी तिला अजून पाण्यात ढकलू? तेही खाऱ्या? हे इथल्या पाण्यात धुवायचं नाही, असं ती सांगून गेलीय.”

“तुला भीती नाही वाटत?”

“वाटते. पण भीती वाटते म्हणून बोलावलेल्या माणसाला घराबाहेर काढायचं नसतं.”

“काका म्हणाले...”

“काकांनी तिला शब्द दिला नव्हता. मी दिला होता.”

बाथरूममध्ये थप् थप् सुरू झालं होतं. या वेळी उपेंद्रनीही ऐकलं. ते पांढरे पडले. मी कलशातलं गार पाणी तळहातावर घेतलं, पूजेला संकल्प करताना घेतो तसं, आणि मोठ्याने बोलले. घाबरले होते म्हणूनच मोठ्याने.

“सिल्मे, ऐक. मी तुला निरोप देणार नाही. मी तुला पोचवणार आहे. माझी पोर लहान आहे. ज्या दिवशी ती स्वतःच्या हाताने रांधून वाढून घेईल, त्यानंतर मी निघेन. तोवर तिथेच थांब. आणखी आत जाऊ नकोस.”

पाणी ताम्हनात सोडलं.

आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी वस्त्र कोरडं होतं. कलश मात्र रोज गारच लागायचा. पाच वर्षं. मी आठवं नाव एक दिवसही चुकवलं नाही. मराठी मंडळात बायका कुजबुजायच्या, हिला काय लागलंय म्हणून. म्हणोत. मी हळदीकुंकू लावून घ्यायची आणि घरी यायची. मधे सिल्मेच्या चर्चमार्फत तिच्या आईला पत्र पाठवलं होतं. तिच्या गावच्या पाद्रींनी उत्तर लिहून पाठवलं. त्यात आईचं एकच वाक्य होतं. घर तिचंच आहे, दाराला कुलूप घातलेलं नाही.

मग २००३ चा नोव्हेंबर. मला ताप होता. केया बारा वर्षांची. तिने मला काही न विचारता वरणभात लावला, बाबांना वाढला, स्वतःला वाढून घेतला, मला अंथरुणात आणून दिला. “सॉल्ट इज लेस, आय थिंक,” म्हणाली.

मी जेवले. पोटभर. आणि मनात म्हटलं, अजून एक वर्ष. नाहीतर तिच्या दहावीपर्यंत. इतक्या लांब एकटी कशी जाऊ...

सकाळी कलश भरला. आठवं नाव घेतलं.

पाणी कोमटच राहिलं.

पुन्हा घेतलं. कोमट.

पाच वर्षांत पहिल्यांदा कुणी आलं नव्हतं.

मी धावत ट्रंकेकडे गेले. मी दिलेली मुदत संपली होती. दाकमांद्याची किनार ओली होती. फक्त किनार.

उपेंद्र दारात उभे होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी कपाटातून माझा पासपोर्ट काढला आणि टेबलावर ठेवला. “मी येऊ सोबत?”

“केया आहे. आणि शब्द माझा आहे.”

मुंबई, गुवाहाटी, पुढे गाडीने टेकड्या. त्यांनीच कागदावर लिहून दिलं.

चौथ्या दिवशी सकाळी सातला निघाले. केयाच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला उठवलं नाही. दाकमांदा पिशवीत होतं, तीन दिवसांत गुडघ्यापर्यंत भिजलेलं. पिशवीच्या वजनाने खांदा ओढला जात होता. कापडाचं एवढं वजन नसतं.

आजही कलशात बोट बुडवण्याआधी मी क्षणभर थांबते. कशाला, ते मला सांगता येत नाही. पण त्या सकाळी जिन्यात मी थांबले नाही.

खाली अजीज खुर्चीवर बसला होता. मला बघून उठला, काचेचं दार उघडून धरलं.

“अकेले जा रहे हो, भाभीजी?”

मी मान हलवून बाहेर पडले. चार पावलं गेल्यावर मागे पाहिलं.

तो अजून दार धरून उभा होता. भिंतीला पाठ लावून, कुणालातरी वाट देत.

मग त्याने खाली फरशीवरच्या ओल्या पावलांकडे पाहिलं... आणि दार हळूच लावून घेतलं.

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि चालू लागले.