दलदलकरांचं काय होणार?

डबीवर दोन हात पडले. एक माझा, आणि दुसरा… लांब बोटांचा, नखांच्या कडांना निळा रंग लागलेला, अगदी अनोळखी.

"माझा आधी पडला," मी म्हणाले.

"खालचा हात माझा आहे," तो शांतपणे म्हणाला. "आता तुम्हीच सांगा, आधी कुणाचा पडला?"

मी वर पाहिलं. पावसात भिजून कपाळाला चिकटलेले केस, आणि हसू दाबता दाबता वाकडे झालेले ओठ. मार्च महिना, शनिवारची दुपार, नॉटिंगहॅमच्या बाजारचौकामागचं आमचं नेहमीचं खेळांचं दुकान, आणि फळीवर शेवाळी रंगाची शेवटची डबी. हा रंग पुन्हा येणार नव्हता.

"कुणासाठी हवाय?" त्याने विचारलं.

"दलदलकरांसाठी."

त्याने हात असा काढून घेतला, जणू चटकाच बसला. "घ्या, घ्या! दलदलकरवाल्यांना सध्या आधाराची गरज आहे."

"आधार नकोय. डबी हवीय," मी म्हणाले. पण हसले. आणि तिथेच चुकले बहुतेक!

तो काय म्हणत होता ते मला पक्कं कळलं होतं. 'तांबडी सरहद्द' हा आमचा खेळ. टेबलावर बोटभर उंचीचे शिपाई मांडायचे, फासे टाकायचे आणि लढायचं. जून महिन्यात त्याची नवी आवृत्ती येणार होती, तब्बल आठ वर्षांनी. नवी आवृत्ती म्हणजे नवं नियमपुस्तक. कुणाचं सैन्य बळकट होतं, कुणाचं लुळं पडतं, आणि एखाददुसरं सैन्य पुस्तकातून पारच वगळलं जातं. माझे दलदलकर म्हणजे चिखल माखलेले, हातात कंदील घेतलेले बुटके लोक. एकशे बेचाळीस जण. सहा वर्षं खपून एकेकाला मी स्वतः रंगवलं होतं. दिवसा मी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवते, त्यामुळे बारीक कामाचा कंटाळा मला माहीतच नाही. आणि आता सगळीकडे कुजबुज होती की वगळणार ते दलदलकरच.

"डबी सोडली त्याबद्दल एक डाव तरी द्याल?" त्याने विचारलं. "मी कॉरिन. ट्राम चालवतो. हरायची सवय आहे."

"टॅम्सिन. बीस्टनच्या चर्चमागच्या सभागृहात, दर गुरुवारी. आणि… अहोजाहो नको."

तो गुरुवारी आला. सभागृहात चहाची खिडकी ग्लेनिसबाई सांभाळतात. वय अडुसष्ट, आणि पटावर त्यांच्याइतकं निर्दय कुणी नाही. त्या सगळ्यांनाच 'बदका' म्हणून हाक मारतात. आमच्या गावची ती रीतच आहे. त्यांनी कॉरिनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, त्याच्या कपात दोन चमचे साखर घातली आणि मला म्हणाल्या, "बदका, याला पहिल्याच डावात मारू नकोस हं. परत यायला हवा."

मी त्याला पहिल्याच डावात मारलं. तो परत आला.

काय दिवस होते ते! सभागृहात दुसरा विषयच नव्हता. कुणी म्हणे, पुस्तक निम्म्याने पातळ होणार. कुणी म्हणे, घोडेस्वारांना आता खरोखर घोड्यांसारखं धावता येणार. आमचा नॉर्टन, ज्याने आयुष्यात एकदाही चांगली बातमी सांगितलेली नाही, दर गुरुवारी टेबलावर मूठ आपटायचा. "लिहून ठेवा! चौथ्या आवृत्तीत वाट लावली, पाचवीत वाट लावली, सहावीत तर वाटच उरणार नाही!"

"मग तू कशाला पहिली प्रत सांगून ठेवलीयस रे?" ग्लेनिसबाई खिडकीतून विचारायच्या.

"वाट कशी लावली ते बघायला नको?"

आणि या सगळ्या गलक्यात कॉरिन मात्र गप्प. नव्या नियमांचा विषय निघाला की तो चहा आणायला उठायचा. मला वाटायचं, लाजतोय. पण एकट्या माझ्याशी बोलताना त्याची जीभ कशी छान सुटायची!

"तुझ्या कंदीलवालीने माझ्या सेनापतीला तिसऱ्यांदा बुडवलं."

"तुझा सेनापती तिच्याकडे बघत उभा राहतो. मग बुडणार नाही तर काय?"

"त्याचा काय दोष? कंदील उजळला की…" तो थांबला. त्याची नजर पटावर नव्हती. "…बघावंसं वाटतं."

मी फासे टाकले. सगळेच्या सगळे टेबलाखाली गेले.

मे महिन्याच्या मध्याला एक छायाचित्र बाहेर फुटलं. नव्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेचं, चोरून काढलेलं, धूसर. अकरा सैन्यांची नावं वाचता येत होती. दलदलकर त्यात नव्हते. पानाचा खालचा कोपरा कुणाच्या तरी अंगठ्याखाली झाकलेला होता. सगळी आशा काय ती त्या अंगठ्याखाली!

मी दोन रात्री नीट झोपले नाही. पुस्तकातून गेलेलं सैन्य कुणी खेळायला घेत नाही. सामन्यांत चालत नाही, समोर बसायलाही लोक कुरकुरतात. डार्बीचा एक संग्राहक माझे दलदलकर विकत घ्यायला बरेच दिवस मागे लागला होता. मी त्याला होकार कळवला. शनिवारी येऊन सगळे घेऊन जा.

गुरुवारी कॉरिनला सांगितलं, तर त्याच्या हातातला कप बशीवर आदळला.

"विकू नकोस."

"का?"

"नकोच विकू. प्लीज, टॅम्सिन."

"कॉरिन… तुला काही माहीत आहे का?"

त्याने बशीत सांडलेला चहा सावकाश टिपला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माहीत नसलेल्या माणसाला 'नाही' म्हणायला एवढा वेळ लागत नाही," मी म्हणाले.

तो खालच्या आवाजात म्हणाला, "नवे नियम छापण्याआधी काही लोकांकडून खेळून घेतात. मी त्यांच्यातला आहे. सही करून शब्द दिलाय, पुस्तक बाहेर येईपर्यंत तोंड उघडणार नाही. हेसुद्धा सांगायला नको होतं."

"म्हणजे दोन महिने मी तुझ्यासमोर तळमळत होते, आणि तू साखर ढवळत बसलास?"

"मला विचारू नकोस. तू विचारलंस की मला… राहवत नाही."

"मग येऊच नकोस ना इथे!"

म्हणताक्षणी वाईट वाटलं. पण शब्द तोंडातून गेला होता. त्याने कोट उचलला, ग्लेनिसबाईंना मान लववली आणि निघून गेला.

त्या रात्री मी मनाशी हिशेब मांडत बसले. विकू नकोस म्हणाला, म्हणजे दलदलकर आहेत. पण मग चेहरा एवढा पडलेला का? म्हणजे नाहीत, आणि त्याला माझी दया येतेय. आहेत… नाहीत… आहेत… शेवटी स्वतःचाच राग आला.

शनिवारी सकाळी ग्लेनिसबाई मदतीला आल्या. आम्ही एकेक शिपाई कापसात गुंडाळू लागलो. सहाव्या वर्षी रंगवलेल्यांपासून सुरुवात केली आणि मागे मागे गेलो. पहिल्या वर्षीचे हाताला लागले, तशी मी थांबले. काय एकेक चेहरे! एकाचे डोळे तिरळे, एकाची मिशी गालावर. तेव्हा माझा हात बसला नव्हता.

"बाई, हे पुस्तकात नसले तर?"

"माझं खुज्यांचं सैन्य तिसऱ्या आवृत्तीत नव्हतं, बदका. चार वर्षं मी नवऱ्याबरोबर जेवणाच्या टेबलावर खेळले. त्याला खेळ कळायचा नाही, पण हरायचा फार प्रेमाने." त्यांनी तिरळा शिपाई माझ्या तळहातावर ठेवला. "कुणाबरोबर खेळायचंय ते ठरव आधी."

डार्बीचा माणूस दारात आला, तेव्हा मी त्याला चहा पाजला, तीनदा माफी मागितली आणि रिकाम्या हातांनी परत पाठवलं. मग कॉरिनला निरोप धाडला. 'विकले नाहीत. तुला काही विचारणार नाही. चुकले मी.'

उत्तर आलं. 'पुस्तक आलं की येईन. तोवर माझ्या तोंडाचा मला भरवसा नाही.'

तीन आठवडे! रोज सकाळी ट्राममध्ये चढताना मी चालकाच्या काचेत डोकावायचे. दर वेळी दुसराच कुणीतरी.

जूनचा तो शनिवार उजाडला. दुकान दहाला उघडणार होतं, आणि आठ वाजताच रांग कोपरा वळून गेली होती. ग्लेनिसबाई थर्मास घेऊन पुढे. नॉर्टन त्यांच्या मागे, इस्त्रीचा सदरा घालून! "अंत्यविधीला नीटनेटकं यावं," तो म्हणाला, पण दर मिनिटाला घड्याळ बघत होता. ऊन पडलं होतं. लोक एकमेकांचे शिपाई हातात घेऊन बघत होते.

दार उघडलं. पुस्तक हातात आलं. कोऱ्या कागदाचा वास. अनुक्रमणिका… अकरा नावं… आणि तळाच्या कोपऱ्यात, बरोब्बर त्या अंगठ्याच्या जागी, बारावं.

दलदलकर.

मी किंचाळले. नॉर्टनने मला उचललंच! दुकानभर टाळ्या पडल्या. "पान एकशे आठ!" कुणीतरी ओरडलं. "कंदीलवाल्यांना आता धुक्यातून चालता येतं!" नॉर्टन चष्मा पुसत पुटपुटत होता, "बरं लिहिलंय… छे, छे, बरंच बरं लिहिलंय की!"

मी मात्र दाराकडे बघत होते. अकरा वाजले. टेबलांवर पहिले डाव सुरू झाले. साडेअकरा झाले.

दार धाडकन उघडलं. ट्रामवाल्याचा गणवेश, पाळी संपवून धावत आलेला, धाप लागलेली.

"आहेत का?" तो ओरडला. "टॅम्सिन, आहेत का दलदलकर?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "तुला… माहीत नव्हतं?"

"आम्हाला चारच सैन्यं दिली होती. त्यात दलदलकर नव्हते. कुठली चार, हे सांगायलाही मनाई. 'मला माहीत नाही' एवढंसुद्धा बोलता येत नव्हतं गं!"

"आहेत," मी म्हणाले. "पान एकशे आठ. पण मग तू 'विकू नकोस' का म्हणालास?"

पुन्हा कान लाल झाले. आजूबाजूचे फासे थांबले होते.

"तू सैन्य विकलं असतंस तर… गुरुवारी कशाला आली असतीस?"

ग्लेनिसबाईंनी थर्मासचं झाकण हळूच लावलं.

"एवढंच सांगायचं होतं, तर त्याला कुठे मनाई होती?" मी विचारलं.

"नव्हती. पण तेव्हा मी काहीही बोललो असतो, तरी तू त्यातून दलदलकरांची बातमी काढली असतीस. आवडतेस म्हणालो असतो, तर म्हणाली असतीस, म्हणजे दलदलकर गेले, हा माझं सांत्वन करतोय!"

मला हसू आवरेना. कारण मी अगदी तेच म्हटलं असतं… शब्दन् शब्द.

"मग आता म्हण," मी पुस्तक मिटलं. "आता नाही काढणार बातमी."

"आवडतेस, टॅम्सिन." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "फार. त्या डबीवर हात पडला तेव्हापासून."

मी त्याच्या गणवेशाची कॉलर धरून त्याला खाली ओढलं आणि ओठांवर ओठ टेकवले. दुकानात असा काही कल्लोळ उठला की तसा बाराव्या नावालाही उठला नव्हता.

"ए, टेबल अडवू नका रे!" नॉर्टन ओरडला. "खेळणार आहात की नाही?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं, कॉरिनने आपली प्रत घेतली आणि आम्ही बाहेर पडलो. कोपऱ्यावरून पावात घातलेले तळलेले बटाटे घेतले, ट्रेंट नदीच्या काठी पायऱ्यांवर जाऊन बसलो. त्याला माझ्या कवळ्यांबद्दल विचारायचं होतं, मला त्याच्या आईबद्दल, धाकट्या बहिणीबद्दल, पहाटेच्या पाळीबद्दल. पायाशी हंस घोटाळत होते. दोन नव्याकोऱ्या प्रती शेजारी पडल्या होत्या आणि वारा त्यांची पानं आपसूक उलटत होता.

संध्याकाळी घरी परतताना ध्यानात आलं. तीन महिने जीव टांगून ज्यांची वाट पाहिली, त्या नव्या नियमांतलं एक अक्षरही त्या दुपारी आम्ही वाचलं नव्हतं.