कोरडा नमुना

कप्तान बाल्ताझारने जहाजाच्या पोटातली लाल माती डब्यात भरली आणि डबा पंचवीस वेळा डेकवर आपटला. मातीवर पाणी तरळलं.

"समुद्र तर दिवसरात्र आपटतो, बाई," तो म्हणाला. "हा माल आत चिखल होऊन एका बाजूला सरकला की जहाज उलटलंच. एकवीस माणसं आहेत माझी."

माल तपासायला आलेल्या तेनरीच्या हातात मात्र प्रयोगशाळेचा सहीशिक्क्याचा दाखला होता: निकेलची माती कोरडी. तिने माल चढवणं थांबवलं आणि ती धक्क्यावर उतरली.

नमुने माणूस काढत नव्हता. माल पट्ट्यावरून जहाजाकडे जाई आणि यंत्राचं लोखंडी सूप ठरल्या वेळी पट्ट्यावर आडवं फिरून मूठभर माती उचली. तेनरीने यंत्राचं सील तपासलं. शाबूत होतं.

"यंत्राला कोणी हात लावला नाही, बू तेनरी," प्रयोगशाळेचे प्रमुख युसरान म्हणाले. इकडे मानाने बाईंना 'बू' आणि पुरुषांना 'पाक' म्हणत. "फक्त आज सकाळी सहाला मी वेळ बदलली. कप्तानाला जास्त नमुने हवे होते. आता सूप दर नऊ मिनिटांनी फिरतं."

"कोणाला सांगितलंत?"

"कोणाला कशाला सांगू? किल्ली माझ्याकडे."

यार्डप्रमुख लामादे चिखलात गुडघाभर रुतून उभा होता. तीन आठवडे पाऊस हटला नव्हता.

"ओलं आहे, नाही कोण म्हणतं? पण यंत्र कोरडं सांगतंय. दर बारा मिनिटांनी तपासतंय की!"

"बारा?"

"पहिल्यापासून बाराच."

तेनरी फाटकावरची ट्रकांची वही चाळत बसली. चिखलामुळे सगळ्यांच्या वेळा वेड्यावाकड्या होत्या. सात नंबरच्या तेवढ्या घड्याळासारख्या. तो ट्रक हसलिंदा चालवायची.

"तुझीच चाकं कोरडी कशी गं?"

"मी शेडमधला माल आणते. डांबरी रस्ता आहे तिकडे."

"आणि ओततेस कधी?"

"वायरलेसवर दोनदा टकटक झाली की. कोण करतं, देव जाणे. मला वाटलं, यार्डातलंच कोणीतरी."

तेनरीने लामादेला प्रयोगशाळेत बोलावलं. युसरान तिथेच होते.

"यंत्र खोटं बोललं नाही," ती म्हणाली. "ते वेळेवर चालतं, एवढीच त्याची खोड. सूप फिरायच्या वेळी पट्ट्यावर शेडमधला माल आणला की नमुना कोरडा. मधला सगळा चिखल न तपासता जहाजात. सात नंबर कालपर्यंत दर बारा मिनिटांनी ओतत होता. आज सहानंतर दर नऊ मिनिटांनी. लामादेला तर अजून बाराच ठाऊक आहेत. मग नऊ कोणाला ठाऊक होतं, पाक युसरान?"

लामादे वळून बघतच राहिला. "तुम्ही?"

युसराननी चष्मा काढला. "दोनदा मी 'ओलं' लिहिलं. दोन्ही वेळा वरून अहवाल परत आला. तिसऱ्यांदा म्हणाले, तुझ्या जागी दुसरा बघतो. तीस वर्षं काढली मी इथे, बू."

"याआधी किती जहाजं अशी सोडलीत?"

युसराननी जुन्या दाखल्यांची फाईल तिच्यापुढे सरकवली.

"एक. मंगळवारी निघालं."

तेनरीने वायरलेस ओढून घेतला. तीन हाका वाया गेल्या. चौथीला खरखरीतून एक थकलेला आवाज आला: पहाटेपासून जहाज डावीकडे झुकलंय, का ते कळत नाही.

"माल सरकतोय!" ती ओरडली. "जवळचा किनारा धरा. आत्ता!"

संध्याकाळी ते जहाज एका बेटाच्या उथळ पाण्यात रुतलं. त्यावरची अठराही माणसं पोहत बाहेर आली. ती बातमी येईपर्यंत युसरान त्यांना न्यायला आलेल्या पोलिसांच्या गाडीत बसायला तयार नव्हते, आणि तेनरीनेही कोणाला त्यांना ओढू दिलं नाही.