ओळ एकशे एकतीस

बँडचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं, तर तुम्ही सगळे घरी जाऊन पहाटेपर्यंत ते व्हिडिओ बघत बसाल आणि उद्या तुमच्या आया माझ्या नावानं खडे फोडतील. नेत्रा, डेकवरचा दिवा बंद कर बाळा, डास येतात. हं, आता ठीक.

प्रथमेश माझ्याच टीममधला. नागपूरचा पोरगा, इथे अमेरिकेत टेस्टर. दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम. पण जित्याची खोड म्हणतात तशी गत, घरी आल्यावरही डोळा चुकाच शोधायचा. मागच्या वर्षी त्याला एका अल्बमनं झपाटलं. सहा गाणी, सहा व्हिडिओ, सगळे सिनेमासारखे आणि सगळे अंधारातले. रात्री एक गाडी जुन्या घरासमोर थांबते. तिचे दिवे दोनदा मिचकावतात. एक माणूस उतरतो, तीन पायऱ्या चढतो, दारावर तीनदा टकटक करतो. दार किलकिलं होतं आणि पडदा काळा. माणूस दर वेळी वेगळा, गाडी वेगळी, घर मात्र तेच.

दारापलीकडे काय असतं, यावर इंटरनेटच्या एका फोरमवर जगभरचे चाहते हमरीतुमरीवर यायचे. कुणी म्हणे दार म्हणजे मरण, कुणी म्हणे ते घर म्हणजे वेडं झालेलं मन. प्रथमेशनं वाद घातला नाही. त्यानं एक्सेल शीट केली. प्रत्येक फ्रेम थांबवून, ब्राइटनेस वाढवून, दोनशे चौदा ओळी लिहिल्या. फोरमवर त्याचा मान वाढला. बायको, अबोली, म्हणायची, "माझ्याकडे कधी इतकं बारकाईनं बघितलंस का रे?"

"काका, इज धिस फॉर रिअल?"

ईशान, सोमवारी माझ्या ऑफिसात ये. माझ्या शेजारच्याच क्यूबिकलमध्ये बसतो तो. त्यालाच विचार.

तर गेल्या नोव्हेंबरची दहा तारीख, शुक्रवार. दोघं सायलर सिटी नावाच्या लहान गावात एका बाईंकडून जुना मायक्रोवेव्ह आणायला गेले होते. अबोलीला नववा आठवडा लागला होता. आदल्या वर्षी एकदा दिवस राहून गेले होते, त्यामुळे दोघंही जिवाला जपून होते. तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, नागपूरला आईलासुद्धा नाही, आणि बाळासाठी सुईसुद्धा विकत आणायची नाही, असं ठरलेलं. या खेपेला बाळ टिकावं, एवढंच दोघांचं मागणं होतं.

परतताना एक वळण चुकलं. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, फोनला रेंज नाही. रात्रीचे नऊ चाळीस. आणि हेडलाइटमध्ये ते घर आलं. पत्र्याचं छप्पर. तीन पायऱ्या. पोर्चमध्ये एकच पिवळा बल्ब.

प्रथमेशनं करकचून ब्रेक दाबला.

"अबोली... हेच ते."

"कुठलं काय? निघ यार. कुणी बंदूक घेऊन बाहेर येईल."

"दोनच मिनिटं. तू गाडीतच थांब, दार लॉक कर."

आता कुणीही शहाणा माणूस फोटो काढून निघाला असता. पण हा पडला टेस्टर. एखादी गोष्ट कशी घडते हे कळायला ती त्याच पायऱ्यांनी परत घडवून बघायची, ही त्यांची रीत. त्यानं दिवे दोनदा मिचकावले. उतरला. तीन पायऱ्या चढला. टकटक. टकटक. टकटक.

काहीच झालं नाही.

आत दिवा नाही, पाऊल नाही. तो थांबला. अपेक्षा एक, घडलं दुसरंच. मग आपलं काय सुटलं? मनातल्या मनात तो शीट वाचायला लागला. आणि एका ओळीवर अडकला.

ओळ एकशे एकतीस. 'पडदा काळा होण्याआधी दाराच्या काचेत मागची गाडी दिसते. गाडीचं दार उघडं. शूटिंगमधली चूक. सोडून द्या.'

सहाही व्हिडिओंत ती चूक होती. आणि सहाही गाड्यांत कुणीतरी मागे थांबलेलं होतं... कुणाची आई, कुणाचं पोर, कुणाची बायको. सगळं जग घराच्या दाराकडे बघत बसलं होतं.

त्याच्या नाकासमोर काच होती.

काचेत त्याची गाडी होती.

गाडीतला छोटा दिवा लागलेला होता... जो दार उघडल्यावरच लागतो.

तो वळला. धावला. पायरी चुकली, गुडघा फुटला, उठून परत धावला.

अबोली जागेवरच होती. शालीत हात. तिच्या बाजूचं दार सताड उघडं.

"कोण होत्या रे त्या?"

"...कोण?"

"आत्ता आल्या त्या. म्हाताऱ्या. काचेवर बोट वाजवलं. मला वाटलं, त्यांचंच घर असेल, सॉरी म्हणावं. म्हणून उघडलं."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. खाली बसल्या... आणि पोटावर हात ठेवला."

रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यानं दार आपटलं आणि गाडी पळवली. मॉरिसव्हिलला, घरी पोचेपर्यंत त्यानं ती कुठेही थांबवली नाही.

अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये भरपूर उजेड होता. त्याला जरा धीर आला. अबोलीच्या बाजूला जाऊन त्यानं दार उघडलं. ती उतरेना. तिनं फक्त शाल बाजूला केली.

मांडीवर बाळाचा मोजा होता. पांढऱ्या लोकरीचा, अंगठ्याएवढा. विणून अर्धाच झालेला. त्याच्या उघड्या टोकातून धागा निघाला होता, तिच्या गुडघ्यावरून खाली, दाराबाहेर. प्रथमेशची नजर धाग्यामागे गेली. कचऱ्याच्या डब्यांपलीकडे. गेटपलीकडे. रस्त्यावर. ज्या दिशेनं ते आले होते त्या दिशेला, अंधारात.

तीस मैल... आणि धागा सैल नव्हता. जमिनीपासून वीतभर वर, ताठ.

त्यानं खिशातून किल्ल्या काढल्या. जुडग्याला नेलकटर होतं. धागा नुसता चिमटीत धरला, तर अबोली कळवळून वाकली.

"सोड... सोड रे. आत ओढ लागते."

त्यानं हात काढला.

थोडा वेळ काहीच नाही. मग तो धागा, कुणी हात न लावता, लांबून... एकदा हलला.

अबोलीचे दिवस पुढच्या महिन्यात भरतात.