सोनाबाईचं प्रकरण

त्या रविवारी दुपारी दिपिका पनवेलला पोचली ती खुशीत. जुन्या वाचनालयाच्या माडीवर आशालताबाईंचं वाचक मंडळ भरायचं आणि आज चर्चा होती ती दिपिकाच्याच पुस्तकावर. उलव्याकडच्या आपल्या घराण्याची हकिकत तिने लिहिली होती. मिठागरं, खाडी, भातशेतीचे बांध आणि शेवटी त्या सगळ्यावरून फिरलेले बुलडोझर.

"सोनाबाईचं प्रकरण वाचा ना," आशालताबाई म्हणाल्या. "आम्हा सगळ्यांना तेच आवडलं."

सोनाबाई म्हणजे दिपिकाची आत्या, वडिलांची थोरली बहीण. उधाणाच्या रात्री एका होडीवाल्याबरोबर पळाली, असं घरात सांगत आले होते. दिपिकाने तेच जरा रंगवून लिहिलं होतं.

ती वाचू लागली. थोडं वाचून झालं आणि कुठूनसा ओहोटीच्या चिखलाचा खारट, कुबट वास आला. पाठोपाठ शेवटच्या रांगेतून एक आवाज.

"नाय पलाली ती."

दिपिकाने मान वर केली. खिडकीकडे पाठ करून एक तरुण बाई बसली होती. उजेड मागून येत असल्याने चेहरा दिसत नव्हता. लुगडं मात्र अंगाला चिकटलं होतं, ओलं; मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या.

"तुम्ही... आमच्या गावच्या का?"

"बांधाला खांड पडली व्हती. पानी शेतात घुसत व्हता. बांध मानूस मागतंय, बोलला तुजा आजा. तिला खांडीत उतरवली... माती दाब, बोलला. ती दाबीत व्हती, तवाच वरशी माती लोटली."

"नाही..."

"तुजा बापूस लान व्हता. त्यानं बगितला. इचार त्याला."

दिपिका आशालताबाईंकडे वळली. "आशालताबाई, त्या मागच्या बाई कोण?"

सगळे तिच्याकडेच बघत होते.

"मागे कोणी नाही हो," आशालताबाई हळूच म्हणाल्या. "मघापासून तुम्हीच बोलताय... दोन्ही आवाजांत."

दिपिका धडपडत जिन्यात आली आणि तिने वडिलांना, तुळशीरामांना, फोन लावला.

"बाबा, सोनाआत्या खरंच पळाली होती?"

तुळशीराम घाईने म्हणाले, "पलाली. पलालीच ती..."

आणि ठसका. थांबेचना. भावाने, निकेशने, फोन हिसकावला. "ताई, बाबांच्या तोंडातून चिखल येतोय! काळा... येतच राहिलाय!"

बाबा वाचले, पण त्यांची वाचा गेली ती गेलीच. दिपिकाने पुस्तकाच्या प्रती परत मागवल्या आणि ते प्रकरण खरं लिहून काढलं.

बाबांना इस्पितळातून घरी आणताना नर्सने तिच्या हातात कागदाची एक पुडी दिली होती. "तुमच्या बाबांच्या जिभेखाली रुतलं होतं."

पुढे कितीतरी दिवसांनी, धीर करून, दिपिकाने ती उघडली. आत बांगडीचा हिरवा तुकडा होता. काच उबदार होती... आत्ताच कुणाच्या मनगटावरून उतरवल्यासारखी.