हिरवं मनगट

सकाळी साडेदहाला मृणालिनी देसाईंच्या दिवाणखान्यात चार बायका बसल्या होत्या आणि टीव्ही चालू असूनही एकीचंही लक्ष त्याकडे नव्हतं. बाजू बदललेले सतरा खासदार एका हॉटेलच्या पायऱ्या चढताना पुन्हा पुन्हा दाखवत होते. चौघी मात्र उज्ज्वला मानेच्या डाव्या मनगटाकडे बघत होत्या. तिथे बोटभर रुंदीची एक पट्टी होती आणि ती लालभडक झाली होती.

"अक्का, जरा लांब श्वास घे की," फरीदा मुल्लाणी म्हणाली.

"सकाळपासून तेच करतोय," उज्ज्वला वैतागून म्हणाली. कोल्हापुरातल्या पुष्कळ बायकांसारखी ती स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची. सगळे तिला अक्का म्हणत.

पट्टीला लोक धीरपट्टी म्हणत. आठ वर्षांपूर्वी शेअर बाजार कोसळला, तेव्हा घाबरून मिळेल त्या भावाला विकणाऱ्या लाखो साध्या माणसांचं वाटोळं झालं होतं. मग सरकारने 'शांत विक्री' कायदा आणला. खाजगी गुंतवणूकदाराला शेअर विकायचे असतील तर मनगटावर ही पट्टी हवी. नाडी, घाम आणि स्नायूंतली डोळ्यांना न दिसणारी थरथर मोजून ती माणूस शांत आहे का ते ठरवायची. सलग तीन मिनिटं हिरवी राहिली तरच विक्रीचं बटण उघडायचं. मोठ्या वित्तसंस्थांची खरेदी-विक्री यंत्रं करत. यंत्राला नाडी नसते, त्यामुळे यंत्राला कायदाही नव्हता. सतरा खासदारांची बातमी आल्यावर पहिल्या सेकंदातच यंत्रांनी आपलं विकून टाकलं होतं आणि माणसं लांब श्वास घेत बसली होती.

कायदा भल्यासाठीच होता, हे कोणी नाकारत नव्हतं. त्याचा एक परिणाम मात्र कोणाच्या डोक्यात आला नव्हता. हल्ली लोक बोलणाऱ्याच्या तोंडाकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघायचे. पोरीला बघायला आलेला मुलगा, उसने मागायला आलेला मेहुणा, सगळ्यांची पारख पट्टीवर होऊ लागली होती.

या चौघींची वीस वर्षांची भिशी होती. सुरुवातीला दर महिन्याला चिठ्ठी निघायची आणि जिचं नाव येईल ती पैसे उचलायची. पुढे बँकेतून निवृत्त झालेल्या संगीता चौगुलेने सुचवलं, पैसे उचलायचे कशाला, एकत्र गुंतवू. म्हणून त्यांनी 'घरकुंज' या बांधकाम कंपनीचे शेअर घेतले. सरकारची 'पहिलं घर' योजना जोरात होती, पहिल्या घराच्या कर्जाचं अर्धं व्याज सरकार भरत होतं आणि घरं बांधणाऱ्या कंपन्यांना दम खायला फुरसत नव्हती. शेअर चढत गेले. त्यांच्याबरोबर चौघींचा बेतही मोठा होत गेला. रंकाळ्यापलीकडे जागा घ्यायची, चार खोल्या आणि एकच स्वयंपाकघर असलेलं घर बांधायचं आणि म्हातारपण एकत्र काढायचं. जागेचं खरेदीखत सोमवारी होतं. आज शुक्रवार. आज शेअर विकायचे असं महिन्याभरापूर्वीच ठरलं होतं.

नेमकं आजच सरकार डळमळलं. पलीकडच्या बाजूने तर जाहीरच करून टाकलं होतं, आम्ही आलो की 'पहिलं घर' बंद.

"चौदाशेला उघडला होता. आता बाराशे ऐंशी," संगीताने मोबाइल बघत सांगितलं. "हजाराच्या खाली गेला तर तीनच खोल्या बसतात."

चौथी खोली कोणाची, हे कोणी विचारलं नाही.

एकत्र खात्याला एकच मनगट नेमावं लागे. उज्ज्वलाला नेमताना कोणाला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. चौतीस वर्षं ती सरकारी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. टेबलावर रक्ताची चिळकांडी उडाली तरी तिच्या हातातला चिमटा हलत नसे. गेल्या पाच वर्षांत तीनदा थोडे थोडे शेअर विकले होते आणि तिन्ही वेळा पट्टी पहिल्या मिनिटापासून हिरवी होती. आज ती लाल होती आणि उज्ज्वलाला त्याची लाज वाटत होती.

ताक झालं, टीव्ही बंद करून झाला, फरीदाने कपाळाला बाम चोळून दिला. एकदा पट्टी पिवळी झाली, तेवढ्यात संगीता "बाराशे दहा!" म्हणून ओरडली आणि ती पुन्हा लाल झाली.

"तुझं तोंड जरा शिवून देऊ का?" फरीदा म्हणाली. तिचं शिलाईचं दुकान होतं.

शेवटी संगीतानेच मार्ग काढला. "मनगट बदलू या. दिवसातून एकदा बदलता येतं. चौघींच्या पट्ट्या एकमेकींना टेकवायच्या, की झालं. आपल्यात हिरवी कोणाची आहे?"

चौघींनी हात पुढे केले. संगीताची लाल, फरीदाची पिवळी. मृणालिनीवहिनींची मात्र दूर्वांसारखी हिरवीगार होती. वहिनी डॉक्टर देसाईंच्या पत्नी. डॉक्टर जाऊन सहा वर्षं झाली होती, शहरात एक आणि पन्हाळ्याच्या वाटेवर एक असे दोन बंगले होते. चार खोल्यांच्या घरात त्यांना जायचं होतं ते सोबतीसाठी, छपरासाठी नव्हे.

मनगटं टेकली, खातं वहिनींच्या हाती गेलं. तीन मिनिटांत विक्रीचं बटण उघडलं. संगीताने सुटकेचा श्वास सोडला.

वहिनींनी बटणाकडे पाहिलं आणि मोबाइल खाली ठेवला.

"मला वाटतं, आपण थांबू या," त्या म्हणाल्या. "सरकारं येतात, जातात. लोकांना घरं तर लागणारच ना? दोन महिन्यांत भाव परत येईल. पडत्या भावात विकणं हा शुद्ध वेडेपणा आहे."

"आणि सोमवारचं खरेदीखत?"

"जागा काय, दुसरी बघू."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पुस्तकात बघितलं तर तेच बरोबर ठरलं असतं. पण दोन महिने थांबायला दोन महिने राहायची जागा लागते, हे पुस्तकात नसतं. उज्ज्वलाच्या घरमालकाने तिला महिनाअखेरीस खोली सोडायला सांगितलं होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, भावाशी बोलणं नाही. खोली सुटणार हे फक्त फरीदाला माहीत होतं. आता उज्ज्वलाला कळलं की आपली पट्टी लाल का होती. आणि वहिनींची हिरवी का होती, तेही कळलं. पट्टी शहाणपण मोजत नव्हती. पाठीशी काय आहे तेवढंच मोजत होती. ज्याला विकायची निकड नव्हती त्यालाच विकायची मुभा होती. उज्ज्वलाला संताप आला, वहिनींचा नव्हे, तो कायदा लिहिणाऱ्या शांत माणसांचा.

दोन वाजले तेव्हा भाव अकराशेवर आला होता. जेवण कोणालाच गेलं नव्हतं. संगीता येरझाऱ्या घालत होती. फरीदाला राहवेना.

"वहिनी, तुम्हाला ठाऊक नाही," ती म्हणाली, "अक्काला मालकाने खोली..."

वहिनी चमकून वळल्या. "काय झालं खोलीला?"

त्यांच्या पट्टीवर पिवळी छटा सरकली. उज्ज्वलाने ती पाहिली. वहिनी मनाने वाईट नव्हत्या. खरी गोष्ट सांगितली तर त्यांना नक्की पटणार होती, डोळ्यांत पाणी आलं असतं, विकू या म्हणाल्या असत्या. आणि त्याच क्षणी पट्टी लाल होऊन बटण बंद झालं असतं. दुसरं मनगट आज मिळणार नव्हतं. पटवायचं तर कळवळा आणावा लागणार होता, आणि कळवळा आला की विक्री बंद.

"खोलीला रंग देणार आहे म्हणे," उज्ज्वला म्हणाली. "फरीदा, तू आणि संगीता आत जाऊन चहा टाका बघू. साखर कमी."

दोघी गेल्या. उज्ज्वला वहिनींच्या शेजारी सोफ्यावर बसली. आता काय करायचं ते तिला अगदी स्वच्छ दिसत होतं. टेबलावर घेतलेल्या पेशंटशी ती चौतीस वर्षं असंच बोलली होती. काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं होईल, घरी कोणकोण असतं? समोरच्याची भीती घालवताना तिची स्वतःची भीती नेहमीच कुठल्या कुठे जायची.

"वहिनी, एक सांगायचं होतं. रागावू नका. नाशिकची भाची बोलावतीय मला. मोठं घर आहे, नवरा-बायको दोघं नोकरीला जातात, मागे माणूस पाहिजे. मी जावं म्हणतो."

"म्हणजे आपल्या घरात तू नाहीस?"

"तुम्ही तिघी आहातच की. मला तिथं बरं वाटेल. म्हणून म्हणतो, मी भिशीतनं उठतो."

भिशीचा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता. एक उठली की भिशी मोडायची. का म्हणून विचारायचं नाही, त्याच दिवशी सगळं विकून सगळ्यांचा वाटा हातात द्यायचा. हवं तर दुसऱ्या दिवशी नव्याने मांडायची. वीस वर्षांत कोणी उठलं नव्हतं.

वहिनींनी उज्ज्वलाकडे पाहिलं आणि मग सवयीने तिच्या मनगटाकडे. पट्टी हिरवी होती. सकाळपासून पहिल्यांदाच.

"तू सुखात राहणार असशील तर मी कोण अडवणार?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. वाईट वाटलं होतं, पण घोर लागला नव्हता. "नियम तो नियम."

"भाचीची पोरगी लई गोड आहे," उज्ज्वला सांगत राहिली. भाचीच्या गच्चीत मोगऱ्याच्या कुंड्या असल्याचं सांगितलं, संध्याकाळी सगळी मिळून गोदावरीवर फिरायला जातात हेही सांगितलं. वहिनी ऐकत होत्या, पट्टी हिरवी होती, त्यांचा अंगठा बटणावर गेला.

अकराशे चारला सगळे शेअर विकले गेले. वीस मिनिटांनी सरकारने राजीनामा दिला. बाजार बंद होताना घरकुंज आठशे नव्वदवर होता.

विक्रीचा संदेश आला तशी संगीता स्वयंपाकघरातून नाचतच बाहेर आली. "चार खोल्या बसतात! वहिनी, तुम्ही कमाल केलीत!" फरीदाने उज्ज्वलाला मिठी मारली आणि रडायला लागली. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या मोबाइलवर घराचा नकाशा उघडून बसल्या होत्या आणि चौथ्या खोलीवर बोट ठेवून होत्या.

"नाशिकला कधी निघतेस?" त्यांनी विचारलं. "ही खोली मी आता काढायला सांगते. रिकामी खोली मला बघवायची नाही."

कुठलं नाशिक, हे फरीदाला आणि संगीताला कळेना.

उज्ज्वलाला वाटलं होतं की हे सांगणं सोपं असेल. पैसे हातात आले, धोका टळला, आता काय भ्यायचं? पण ते तसं नव्हतं. पेशंट शुद्धीवर आल्यावर त्याच्याशी बोलायचं काम तिने कधी केलंच नव्हतं, ते डॉक्टर करायचे.

"वहिनी, नाशिकला माझं कोणी नाही," ती म्हणाली. "भाची नाही, पोरगी नाही. मी खोटं बोललो. खरं सांगितलं असतं तर तुमची पट्टी लाल झाली असती. मालक महिनाअखेरीस खोली सोड म्हणतोय. मला त्या घरातच राहायचंय. दुसरीकडं कुठं जाऊ मी?"

वहिनींनी मोबाइल बाजूला ठेवला. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी उज्ज्वलाचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि मनगट उजेडाकडे वळवलं. पट्टी लाल होती.

"नाशिकचं सांगत होतीस तेव्हा ही हिरवी होती," त्या म्हणाल्या. "मी ती बघूनच विश्वास ठेवला. आत्ता तू खरं बोलतेयस म्हणतेस आणि ही लाल आहे. एका घरात राहायचं आपल्याला, रोज समोरासमोर. मी तुझं खरंखोटं कशावरून ओळखायचं, उज्ज्वला?"