जाड कातडीसाठी तांब्याची गोळी

गेल्या रविवारी दक्षिण टेक्सासात कुणीतरी संग्राम भाऊजींना गोळी घातली आणि भाऊजी पडले नाहीत. असो. असं काही झालेलं नाही. आपण गोळ्यांबद्दल बोलू.

संग्राम भाऊजी म्हणजे माझ्या अहिल्याताईचा नवरा. मूळ नागपूरचे, आता चँडलरमध्ये कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत. डायबेटिस, रोज इन्सुलिन. कुणीतरी कधीकाळी भारतातून नेऊन सोडलेल्या नीलगायी टेक्सासात मोकाट फिरतात, हे कळल्यापासून त्यांचं ऑफिसात लक्ष नव्हतं. नीलगाईला ते रोही म्हणतात.

"साळेबुवा, रोहीच्या नराची मानेवरची कातडी म्हणजे चपलेचा तळ," ते जेवताना सांगायचे. "साधी शिशाची गोळी तिथंच पसरून बसते. आत गेली तरी भोक चरबीनं बंद. रक्त सांडत नाही, मग बसा जनावर शोधत. आख्खं तांबं पाहिजे बे. वजनदार. न फुटता आतपर्यंत जाणारं."

"भाजी घ्या," ताई म्हणायची.

दसऱ्याला ताईने पूजेत लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि मिक्सर मांडला. भाऊजींनी शेजारी गोळ्या ओळीने उभ्या केल्या, प्रत्येकीला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. आणि उत्तरपूजेच्या अक्षता पडायच्या आत त्या उचलून डब्यात भरल्या, कारण आम्हा दोघांची फ्लाइट होती.

"मांडलेली पूजा अशी उचलायची नसते हो," ताई म्हणाली.

"देवाला सांग, बोर्डिंग सुरू झालं."

रँच समुद्राजवळ होतं. खारा वारा, वाळू, काटेरी झुडपं. डेल नावाच्या गाइडने रायफल दिली, गोळ्या आमच्या. उजाडल्यावर नर दिसला. राखाडी-निळा, घोड्याएवढा, आमच्याकडे तोंड करून उभा. भाऊजींनी गोळी झाडली. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज आला.

नर पडला नाही. ओळखीच्या माणसाचं आडनाव आठवत असावं तसं त्याने भाऊजींकडे पाहिलं आणि झुडपात गेला. पळत नाही. चालत.

रक्ताचा थेंब नव्हता. "होतं असं," डेल म्हणाला. मग खुरांच्या ठशांत गोळी सापडली. डेलने ती उन्हात धरली. नळीतून गेलेल्या गोळीवर ओरखडे उमटतात. हिच्यावर एकही नव्हता. कुंकू होतं. ओलं.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"धार्मिक आहे," मी म्हणालो.

परतताना डेलने आम्हाला ट्रकच्या मागच्या उघड्या भागात बसवलं. पुढे त्याच्या शेजारच्या सीट रिकाम्या होत्या.

मोटेलवर भाऊजी पोटात इन्सुलिन घ्यायला गेले. सुई वाकली. दुसरी वाकली. पुढची मोडली.

"स्वस्तातला माल, यार," ते म्हणाले. बोटाला टोचून शुगर बघावी म्हटलं, तर रक्तच निघेना.

चँडलरच्या क्लिनिकात नर्सने "पाणी कमी पिता का?" असं विचारलं आणि मोठी सुई आणली. मग तिच्याहून मोठी. मग डॉक्टरला. डॉक्टरने भाऊजींच्या मानेवर हात ठेवला, काढून घेतला, धुतला, पुन्हा धुतला, आणि आम्हाला दुसरीकडे जायला सांगितलं.

"इन्सुलिनशिवाय मरतील ते," ताई पार्किंगमध्ये माझ्यावर ओरडली, "आणि तू जोक मारतोयस!"

मी जोक मारला नव्हता. मी फक्त तांब्याची सुई मिळते का, एवढंच विचारलं होतं.

भाऊजी मेले नाहीत. जेवायचे मात्र थांबले. दिवसभर बॅकयार्डात उभे राहायचे. शेजाऱ्यांचा कुत्रा त्यांच्यावर भुंकायचा. मग तो भुंकेनासा झाला. मग तो घराबाहेर येईनासा झाला.

"दुखतंय का?" ताई विचारायची.

ते तिच्याकडे बघायचे. आडनाव आठवत असावं तसे.

एका सकाळी बॅकयार्ड रिकामं होतं. दार आतून बंद, भिंत शाबूत.

रविवारी डेलचा फोन आला. रँचवरच्या एका पाहुण्याने मोठ्या नराला गोळी घातली होती. नर पडला नाही. रक्त नाही.

"तुमच्या भाषेत 'लागली नाही' म्हणजे काय?" डेलने विचारलं.

मी सांगितलं.

त्याने फोन ठेवला. नंतर कधीच उचलला नाही.

ताई त्याच दुपारी इन्सुलिनचा कूलर घेऊन रँचकडे निघाली.

तिचा फोन लागत नाही.

म्हणून हा अर्ज.

प्रति, टेक्सास राज्याचा वन्यजीव विभाग. विषय: शिकारबंदीबाबत. महोदय, नीलगाय हा परदेशी प्राणी असल्यामुळे आपल्या राज्यात तिला बारा महिने मारता येतं, याची अर्जदाराला कल्पना आहे. तरी अर्जदाराच्या भाऊजींपुरती वर्षातून निदान एक महिना शिकार बंद ठेवावी, ही नम्र विनंती. ते शक्य नसल्यास शिकाऱ्यांना समोरूनच नेम धरण्याची सक्ती करावी. डाव्या बाजूने गोळी झाडू नये. त्या बाजूने अर्जदाराची बहीण चालते, आणि तिची कातडी अजून पातळ आहे.